कोळसा खाणीत 'व्हीआरएस' घेतली, तर नोकरी कुणाची जाते?

चंद्रपूर, वणी, उमरेड या पट्ट्यातल्या सरकारी कोळसा खाणी 'वेकोलि' म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स चालवते. नागपूरला मुख्यालय असलेली ही कंपनी कोल इंडियाची उपकंपनी. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कोल इंडियात साडेसहा लाखांहून जास्त कामगार होते. 2024 मध्ये ते अडीच लाखांपेक्षा कमी उरले. निवृत्तांच्या जागी पुरेशी भरती झाली नाही, खुल्या खाणींत यंत्रं आली आणि काहींनी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

ही छाटणी आहे का?
कायद्याने नाही. छाटणीत कंपनी कामगाराला काढते. स्वेच्छानिवृत्तीत कामगार अर्ज करतो आणि तो मंजूर करायचा की नाही, हे कंपनी ठरवते.

पैसे किती मिळतात?
मे 2000 मध्ये केंद्राने सरकारी कंपन्यांना दिलेल्या सूचनांत 'गुजरात पॅटर्न' आहे. त्यात झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी 35 दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षासाठी 25 दिवसांचा पगार मिळतो. पगार म्हणजे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता.

समजा, 20 वर्षं झाली आणि 5 उरली. मग 700 अधिक 125, म्हणजे 825 दिवसांचा पगार. मात्र ही रक्कम उरलेल्या काळातल्या एकूण पगारापेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे निवृत्तीला वर्षभरच उरलं असेल, तर फायदा फारसा नाही. पीएफ आणि ग्रॅच्युइटी वेगळी मिळते. पेन्शन मात्र सेवेच्या वर्षांवर ठरते, त्यामुळे ती कमी बसू शकते.

मग गमावतं कोण?
स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेवर 5 लाखांपर्यंत आयकर सवलत आहे. तिची एक अट म्हणजे रिकामी झालेली जागा पुन्हा भरायची नाही. कामगाराला पैसे मिळतात, पण गावातल्या पुढच्या पोरासाठी ती नोकरी उरत नाही. खाणीवर चालणारी टपरी, गॅरेज, भाड्याच्या खोल्या यांना तर भरपाईच नसते.

दुसरा मार्ग आहे का?
जर्मनीने शेवटची दगडी कोळशाची खाण 2018 मध्ये बंद केली. पण तो निर्णय 2007 मध्येच झाला होता. मधल्या 11 वर्षांत वयस्क कामगारांना निवृत्तीपर्यंत भत्ता आणि तरुणांना दुसरं काम, अशी सोय केली गेली.

अर्ज करण्याआधी कामगाराने रक्कम, मर्यादा आणि पेन्शन या तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात.