चिलकॉट चौकशी

ब्रिटन इराक युद्धात (२००३) कसा उतरला, याची छाननी करणारी ब्रिटिश सरकारी चौकशी. पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी ती जून २००९ मध्ये जाहीर केली; अध्यक्ष सर जॉन चिलकॉट. बारा खंडांचा अहवाल ६ जुलै २०१६ रोजी आला. युद्धात १७९ ब्रिटिश सैनिक व कर्मचारी दगावले होते. मृतांच्या कुटुंबीयांना अहवालासाठी सात वर्षे ताटकळावे लागले.

अहवालाबरोबर खुले झालेले एक टिपण सर्वांत बोलके आहे : २८ जुलै २००२ रोजी, युद्धावरील संसदेच्या मतदानाच्या साडेसात महिन्यांहून अधिक काळ आधी, तत्कालीन ब्रिटिश पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांना काहीही झाले तरी सोबत राहण्याचा शब्द दिला होता. शांततेचे मार्ग संपण्यापूर्वीच युद्ध पत्करले, हा मुख्य निष्कर्ष.

युद्धाच्या कायदेशीरपणावर मात्र चौकशीने निर्णय दिला नाही. (पहा : आक्रमणाचा गुन्हा, न्यूरेंबर्ग खटला.)