कमान आणि लगाम

गेल्या उन्हाळ्यात आमच्या नातवाने एक जुनी मिनी विकत घेतली आणि पहिल्याच रविवारी जाहीर केले, "आजोबा, गाडी खाली बसवायची आणि स्प्रिंगा कडक टाकायच्या. वळणावर कशी चिकटून जाईल बघा!" मी विचारले, "आणि शॉकॲब्सॉर्बर?" तो म्हणाला, "ते पुढच्या पगाराला." माझ्या पोटात गोळा आला. का, ते शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास. कारण या विषयाची बरीचशी जन्मकथा आपण राहतो त्याच देशात घडली आहे.

रायगडावर १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तेथे हजर होता, हे आपण शाळेत शिकलो. त्याच दशकात लंडनमध्ये रॉबर्ट हूक स्प्रिंगांना वजने टांगून मोजमापे घेत होता. आपला नियम त्याने १६७६ साली अक्षरे उलटसुलट करून छापला. शोधाचा मान आपल्याकडे राहावा, पण गुपित फुटू नये! १६७८ साली त्याने कोडे उलगडले : जेवढा ताण, तेवढा जोर. आपल्या टांग्याच्या कमानीपासून आजच्या शर्यतीच्या गाडीपर्यंत सारे याच नियमावर उभे आहे.

पण कमान किती मऊ असावी? बर्मिंगहॅमचे फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १८९०च्या दशकात मोटार बांधली, तेव्हा माणसाच्या चालण्याचा विचार केला. चालताना शरीर ज्या लयीत वरखाली होते ती आपल्या अंगवळणी पडलेली असते. गाडीने त्याच्या जवळपास राहावे. हिशेब सोपा आहे. एका चाकावर २५० किलो भार असेल आणि स्प्रिंग १ सेंटिमीटर दाबायला २० किलो लागत असतील, तर गाडी मिनिटाला सुमारे ८५ वेळा डोलते. स्प्रिंग दुप्पट कडक केली की हा आकडा १२० वर जातो. तरुणांना ही 'रेसिंग' वाटते. पाठीच्या मणक्याला वाटत नाही.

आता दुसरी बाजू. स्प्रिंग भार पेलते, पण एकदा दबली की आपणहून थांबत नाही. तिला थांबवतो तो डॅम्पर, म्हणजेच आपला शॉकॲब्सॉर्बर. तेलाने भरलेल्या नळीत दट्ट्या फिरतो, बारीक छिद्रांतून तेल ढकलले जाते आणि उसळीची शक्ती उष्णतेत जिरते. स्प्रिंग कमान असेल तर डॅम्पर लगाम. घोडा दांडगा आणला तर लगामही तसाच हवा : स्प्रिंग दुप्पट कडक, तर डॅम्परचा जोर सुमारे १.४ पट.

मिनीत हे नाते फार मजेशीर होते. १९५६ च्या सुएझ संकटात पेट्रोलचे रेशनिंग आले आणि बीएमसी कंपनीने ॲलेक इसिगोनिस यांना छोटी गाडी आखायला सांगितले. स्प्रिंगांना जागाच नव्हती. तेव्हा ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनचे ॲलेक्स मोल्टन धावून आले. त्यांचे पणजोबा स्टीफन मोल्टन यांनी १८४८ साली त्याच गावात रबराचा कारखाना काढला होता. मोल्टन यांनी पोलादाऐवजी रबराचे शंकू बसवले. चाक बरेच हलले तरी शंकू थोडाच दबतो, आणि जसजसा दबतो तसतसा कडक होतो. म्हणून एकटा चालक असो वा चार माणसे आणि सामान, गाडी सांभाळून घेते. १९५९ साली आलेली ही गाडी पुढे माँटे कार्लो रॅली तीनदा जिंकली : १९६४, १९६५ आणि १९६७.

गंमत अशी, की ब्रिटनमधल्या हौशी तरुणांना तेवढ्याने समाधान नव्हते. शंकूला टेकणारी ॲल्युमिनियमची नळी कापून आखूड केली की गाडी खाली बसे. पुढे स्क्रूने उंची बदलता येणाऱ्या नळ्या आल्या, शंकूच्या जागी बसणाऱ्या पोलादी स्प्रिंगा आल्या आणि कडकपणा कमीजास्त करता येणारे डॅम्परही आले. पण रबर स्वतःच थोडी उसळी जिरवते, पोलाद जवळजवळ नाही. म्हणजे रबर काढले की डॅम्परवरचे काम वाढते. हे अनेकांच्या उशिरा लक्षात आले.

त्या उशिरा शहाणे झालेल्यांत मीही होतो. १९८१ साली एका मित्राच्या गॅरेजमध्ये आम्ही माझ्या मिनीच्या नळ्या करवतीने कापल्या. डॅम्पर जुने, दमलेले, तेच ठेवले. डर्बीशरच्या एका ओल्या, खडबडीत वळणावर चाके आतल्या रबरी थांब्यांवर आदळली, गाडी उड्या मारत समोरच्या लेनमध्ये गेली. शेजारी बायको, तिच्या मांडीवर सहा महिन्यांची मुलगी. समोरच्या लॉरीवाल्याने वेळेवर ब्रेक लावला म्हणून आज हा लेख लिहितो आहे. ती मुलगी म्हणजे या नातवाची आई.

हे त्याला प्रथमच सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग आम्ही दोघांनी वही घेतली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. चारही चाकांवरचा भार मोजून आणायचा, त्याप्रमाणे स्प्रिंगा ठरवायच्या, आणि कमी झालेल्या उंचीला पुरतील असे आखूड डॅम्पर त्या स्प्रिंगांना जुळवून एकाच वेळी घ्यायचे. विमा कंपनीला बदल आधी कळवायचा; लपवला तर अपघातानंतर भरपाईच्या वेळी पंचाईत होते. एमओटीतही मोडकी स्प्रिंग किंवा तेल गळणारा डॅम्पर चालत नाही.

काम पुढच्या पगारापर्यंत थांबले आहे. थांबू दे. पहिल्या फेरीला त्याच्या शेजारी मी बसणार आहे. आईला मागून बोलवू, असे आमचे ठरले आहे.