कोयनेच्या धरणाचा तडा : एक इतिहास व एक बोध

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत धरणाला गेलेल्या तड्याचा इतिहास कशासाठी, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वधूवरांची माहिती, दिवंगतांस श्रद्धांजली हे विषय या पानांस शोभतात. काँक्रीट हा विषय इंजिनियर मंडळींचा. परंतु आपल्यांतील बहुतेक कुटुंबांची जन्मभराची मिळकत आज एका स्लॅबच्या घरात गुंतलेली आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने या करवीर नगरीत निरनिराळ्या ज्ञातींची विद्यार्थी वसतिगृहे उभी राहिली. ती परंपरा चालविणाऱ्या संस्थांच्या नव्या इमारतीही काँक्रीटच्याच आहेत. हे काँक्रीट कसे टिकते आणि कसे फुटते, हा प्रश्न म्हणूनच आपणा सर्वांच्या घरचा आहे. त्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. १९६७ साली सह्याद्रीच्या कुशीत कोयनानगर येथे जे घडले, त्यापासून साऱ्या जगातील स्थापत्यशास्त्राने धडा घेतला. तो इतिहास वाचकांस सादर करीत आहोत.

आपल्या पूर्वजांचे बांधकाम दगडाचे होते. अंबाबाईचे मंदिर, खिद्रापूरचा कोपेश्वर, पन्हाळ्याचे तट ही त्याची साक्ष. दगडाचा एक स्वभाव जुन्या पाथरवटांस पुरता ठाऊक होता: तो दाब वाटेल तितका सोसतो, पण ओढ सोसत नाही. म्हणून ते बांधकामाचा आकारच असा ठेवीत की, प्रत्येक दगड खालच्या दगडास दाबीत राहावा. कमानीचे मर्म हेच होय. पंचगंगेवरील जुना शिवाजी पूल याच युक्तीने उभा राहिला. घाणीत मळलेला चुना दगडांमधील सांधे भरी. भार मात्र दगडच वाहत असत.

पुढे सिमेंट आले. जोसेफ अ‍ॅस्पडिन या इंग्रज गवंड्याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. आपल्या देशात पोरबंदर येथील कारखान्यातून १९१४ साली सिमेंट बाजारात येऊ लागले. सिमेंट, वाळू, खडी व पाणी यांच्या मिश्रणातून हवा तो आकार घेणारा कृत्रिम दगड मनुष्याच्या हाती आला. मात्र या कृत्रिम दगडाने खऱ्या दगडाचा स्वभावही उचलला. काँक्रीट जितका दाब सोसते, त्याच्या साधारण एक दशांश इतकीच ओढ सोसते. ही उणीव भरून काढण्यासाठी घराच्या स्लॅबमध्ये व तुळईत लोखंडी सळई घालतात. मोठ्या धरणाच्या भिंतीच्या अंगात मात्र अशी सळई नसते. केवळ स्वतःच्या वजनावर ती पाण्यासमोर पाय रोवून उभी असते.

कोयनेचे धरण याच जातीचे आहे. १९५० च्या दशकात त्याचे काम सुरू झाले व पुढील दशकाच्या आरंभीच्या वर्षांत ते पूर्णत्वास गेले. काँक्रीटमध्ये मोठमोठे दगड बसवून रचलेली ही भिंत सुमारे १०३ मीटर उंच व ८०७ मीटर लांब आहे. पायथ्याशी तिची जाडी सुमारे ७० मीटर, तर माथ्याशी सुमारे १५ मीटर. तिच्यामागे शिवाजीसागर हा विस्तीर्ण जलाशय पसरला आहे. कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेस मिळते. ते पाणी सांगलीवरून आपल्या शिरोळ तालुक्यात येते आणि नृसिंहवाडीस पंचगंगेला भेटते. सबब त्या भिंतीची चिंता केवळ सातारा जिल्ह्याची आहे, असे आपणांस म्हणता येत नाही.

१९६७ सालच्या डिसेंबरची ११ तारीख. पहाटेचे सव्वाचार वाजून गेले होते. दख्खनचे पठार म्हणजे भूकंपापासून निर्भय प्रदेश, असा समज त्या काळी शास्त्रज्ञांतही रूढ होता. त्या पहाटे सुमारे साडेसहा प्रतीचा भूकंप कोयनानगरच्या परिसरात झाला आणि त्याचे धक्के कोल्हापूर, पुणे, मुंबईपर्यंत जाणवले. दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे १८० जीव गेले व त्याहून कितीतरी अधिक लोक जखमी झाले. कोयनेची वीज बंद पडल्याने मुंबईचे व्यवहारही विस्कळीत झाले.

उजाडल्यावर सर्वांची दृष्टी धरणाकडे वळली. जलाशयात त्या वेळी सुमारे ९२ मीटर खोल पाणी होते. भिंत उभी होती. परंतु सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच भागांस आडवे तडे गेले होते, पाण्याच्या अंगालाही आणि खालच्या अंगालाही. भिंतीच्या पोटातील भुयारांत पाझरही वाढला होता.

तडे कोठे गेले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. भिंतीची मागची बाजू पायथ्यापासून उतरत्या घसरणीची आहे. परंतु माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली ती घसरण एकाएकी बदलते आणि तेथून वर भिंत जवळजवळ सरळ जाते. पायथ्याशी ७० मीटर असलेली जाडी या ठिकाणी १९ मीटरच्या आसपास राहते. ही भिंतीची मान म्हटली पाहिजे. तडे प्रामुख्याने या मानेपाशीच गेले. धरणाची आखणी करताना भूकंपाचा आडवा जोर वजनाच्या ५ टक्के धरला होता आणि तो पायथ्यापासून माथ्यापर्यंत सारखाच मानला होता. प्रत्यक्षात धरणातील यंत्राने भिंतीच्या आडव्या दिशेस गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्म्याइतका हिसका नोंदविला. शिवाय वाऱ्याने झाडाचा शेंडा बुंध्याहून अधिक झुलावा, तसा माथा पायथ्याहून अधिक झुलला. अनिल चोप्रा व चक्रवर्ती या दोघां संशोधकांनी १९७३ साली गणिताने हे दाखवून दिले की, जुन्या हिशेबात निर्धास्त वाटणारा वरचा भागच अशा प्रसंगी सर्वाधिक ओढीचा ठरतो.

एकाएकी बदलणाऱ्या आकारापाशीच तडा का जावा? कापड दुकानदार ताग्यातून कापड फाडताना आधी काठाला कात्रीने लहानशी खाच देतो आणि मग दोन हातांनी ते टरकन फाडतो. खाच नसेल तर तेच कापड जोर करूनही सहजी फाटत नाही. साऱ्या कापडावर पसरलेली ओढ खाचेच्या टोकाशी एकवटते. ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात काचेच्या बाबतीत हेच तत्त्व मांडले: पदार्थाचे बळ त्याच्यातील सूक्ष्म चिरांवर ठरते आणि चीर वाढण्यास लागणारी शक्ती मिळाली की ती धाव घेते. हेच भंगशास्त्र होय. १९६१ साली कॅप्लन यांनी ते काँक्रीटला लावून पाहिले. १९७६ साली स्वीडनमधील हिलरबोर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, काँक्रीटमधील तड्याचे टोक काचेसारखे स्वच्छ नसते. उसवत्या शिवणीत काही टाके तुटलेले, तर काही अद्याप धरून असतात. तसेच तड्याच्या पुढे खडीचे कण काही काळ दोन्ही कडांस धरून ठेवतात. पुढे बाझांट यांनी १९८४ साली सिद्ध केले की, बांधकाम जसजसे मोठे होत जाते, तसतसे ते आपल्या आकाराच्या मानाने लवकर भंगते. अठ्ठावीस दिवसांनी दाबून पाहिलेला १५ सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा १०० मीटरच्या भिंतीविषयी सर्व काही सांगू शकत नाही, तो यामुळे. कोयनेच्या नोंदी इतक्या मोलाच्या ठरल्या की, भंगाचे नवे गणित बसविणारे जगभरचे संशोधक ते गणित आजही कोयनेच्या भिंतीवर ताडून पाहतात.

ही भिंत राखली कशी गेली, तेही सांगितले पाहिजे. प्रथम तड्यांमध्ये इपॉक्सी नावाचे चिकट रसायन दाबाने भरण्यात आले आणि माथ्यापासून खाली भोके पाडून पोलादी तारांच्या ताणाने वरचा भाग खालच्या भागास आवळून बांधण्यात आला. त्यानंतर सांडव्याबाहेरच्या भागांना मागून काँक्रीटचे भक्कम आधार देण्यात आले; हे काम १९७३ च्या सुमारास पुरे झाले. सांडव्याच्या भागासही एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अशीच बळकटी देण्यात आली. तडा दिसला, तो मोजला, त्याचे कारण शोधले आणि त्या कारणावर इलाज केला. म्हणून धरण आजही उभे आहे.

भूकंपाहून सावकाश, पण तितकाच घातक असा दुसरा वैरी म्हणजे गंज. ताज्या काँक्रीटच्या अंगी क्षार असतो आणि तो आतील सळईचे रक्षण करतो. हवेतील कर्बवायू वर्षानुवर्षे आत झिरपून हा क्षार मारतो; समुद्रकाठी मिठाची हवा तेच काम अधिक वेगाने करते. मग सळई गंजते, गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा मागतो, आणि आतून फुगून तो काँक्रीटचे पापुद्रे पाडतो. गोव्यात पणजीजवळ मांडवीवरचा पूल १९७० साली खुला झाला व १९८६ सालच्या ५ जुलै रोजी कोसळला. त्याच्या अंगातील ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. अवघ्या सोळा वर्षांचे ते आयुष्य!

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या भागात पाऊस भरपूर. २००५, २०१९ व २०२१ या वर्षी पुराचे पाणी अनेक घरांच्या खांबांना दिवसेंदिवस लागून राहिले. पुष्कळ घरांचे स्लॅब आता चाळीस-पन्नास वर्षांचे झाले आहेत. गिलाव्यावरील केसासारख्या चिरांनी घाबरण्याचे कारण नाही. परंतु सळईच्या रेषेने जाणारी व तांबूस डाग दाखविणारी चीर, ठोकले असता पोकळ वाजणारा स्लॅबचा तळ, आणि दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघून वाढत जाणारी तिरपी चीर ही लक्षणे दिसताच जाणत्या इंजिनियरास दाखवावे. वरून रंग देऊन ती झाकू नयेत. नवे घर बांधताना स्लॅब लवकर ओतला जावा म्हणून मिश्रणात जादा पाणी घालू देऊ नये. ते पाणी उडून जाते व मागे छिद्रे ठेवते. सळई सेंट्रिंगच्या फळ्यांना टेकू देऊ नये, आणि पाणी मारण्यात एकही दिवस कसूर करू नये. खर्च वाचविण्याच्या मोहाने जुन्या खांबांवर विचारल्यावाचून मजला चढविणे तर सर्वथा टाळावे.

ज्या संस्थांकडे वसतिगृहे व कार्यालये आहेत, त्यांच्या कार्यकारिणींस आमची एक नम्र सूचना आहे. दर वर्षी मृगापूर्वी इमारतीची पाहणी करवून घ्यावी, प्रत्येक तड्याची जागा, लांबी व तारीख एका वहीत नोंदवावी, आणि ती वही जमाखर्चाबरोबर वार्षिक सभेपुढे ठेवावी. मागील वर्षीचा तडा यंदा वाढला की नाही, हे त्या वहीवाचून कोणासही सांगता येणार नाही. या इमारतींत आपली मुले राहतात व शिकतात. देणगीदारांची नावे ज्या भिंतीवर कोरली आहेत, ती भिंत राखणे हाही त्या देणगीचाच एक भाग आहे, असे आम्हांस वाटते.