गील गावचा घरोबा

बेल्जममध्ये, ब्रुसेल्सच्या ईशान्येस, अँटवर्प प्रांतात गील नावाचे एक गाव आहे. भोवतालचा केम्पेनचा प्रदेश रेताड. जमीन हलकी आणि शेतकरी पूर्वापार गरीब. तेथे कोणा राजाची राजधानी झाली नाही. तरीही मानवी मनाच्या इतिहासात या गावाला एक स्थान आहे. तेथील शेतकऱ्यांनी आणि कारागिरांनी सुमारे सातशे वर्षे परक्या मनोरुग्णांना आपल्या घरात, आपल्या पंक्तीला बसवून सांभाळले.

या प्रथेचे मूळ एका दंतकथेत आहे. आयर्लंडच्या एका राजाची राणी वारली आणि शोकाने भ्रमिष्ट झालेला राजा प्रत्यक्ष आपल्या कन्येशीच विवाह करण्याचा हट्ट धरून बसला. ती कन्या डिम्फ्ना आपल्या धर्मगुरूसह समुद्र ओलांडून गीलला आली. बापाने माग काढून तेथेच तिचा वध केला. ही कथा तेराव्या शतकात लेखनिविष्ट झाली. तिच्यातील इतिहासाचा अंश किती, हा प्रश्न येथे गौण आहे. वेडाच्या भरात मारली गेलेली ही कन्या वेडाने पछाडलेल्यांची कैवारी मानली जाऊ लागली आणि लांबलांबून लोक आपल्या आप्तांना तिच्या समाधीपाशी आणू लागले, हे मात्र खरे. चौदाव्या शतकात तेथे मोठे मंदिर उभारण्यास आरंभ झाला. पुढे मंदिराला लागूनच रुग्णांसाठी एक दालन बांधण्यात आले. नऊ दिवसांचे अनुष्ठान तेथे होई.

परंतु दालन लहान आणि येणारे अनेक. ज्यांना जागा मिळेना त्यांना आसपासच्या गृहस्थांनी आपल्या घरी उतरवून घेतले. नऊ दिवस संपले तरी कित्येकांना उतार पडत नसे आणि त्यांना परत न्यायला कोणी येतही नसे. असे पाहुणे मग घरातच राहिले, गाईगुरे राखू लागले, मुले खेळवू लागले. डच भाषेत त्यांना जे नाव पडले त्याचा अर्थ केवळ 'जेवूनखाऊन राहणारा' एवढाच आहे. पुण्यात एके काळी वार लावून जेवणारा विद्यार्थी असे, त्याची येथे आठवण व्हावी. त्या विद्यार्थ्याच्या ताटात जसा धर्म होता तसा थोडा व्यवहारही होता, आणि गीलचेही तसेच आहे. रुग्णाचे आप्त किंवा त्याचे गाव त्याच्या पोषणाचा खर्च देई. गरीब शेतकऱ्याला तो पैसा हवा असे आणि शेतावर आणखी दोन हातही हवे असत. एवढ्यावरून या प्रथेला नाक मुरडणारे टीकाकार पुढे निघाले. परंतु पैशाने माणूस घरात ठेवता येतो, चाळीस चाळीस वर्षे त्याच्याशी नीट बोलता येत नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच राज्यक्रांतीच्या लाटेत तेथील देवालय बंद पडले. देवाचा आधार गेला की ही प्रथाही जाईल, असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात पाहुणे राहिले ते राहिलेच. एवढेच नव्हे, तर 1803 साली पाँतेकुलाँ नावाच्या फ्रेंच प्रशासकाने ब्रुसेल्सच्या कोंडवाड्यांतील रुग्ण गीलला पाठविण्याचा हुकूम काढला. 1821 साली नामांकित फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ एस्किरोल गाव पाहून गेला. मोकळेपणाने हिंडणारे रुग्ण त्याने पाहिले, तशाच काहींच्या अंगावरील लोखंडी बेड्याही पाहिल्या. गीलच्या भक्तांना ही दुसरी गोष्ट सांगणे फारसे रुचत नाही. परंतु ती सांगितलीच पाहिजे. 1850 साली बेल्जमच्या शासनाने वेड्यांविषयीचा कायदा केला आणि गावाची व्यवस्था सरकारी वैद्यांच्या देखरेखीखाली आली. 1862 साली तेथे रुग्णालय उघडले. येणारा रुग्ण आधी तेथे पारखला जाई आणि मग त्याला घर नेमून दिले जाई.

वैद्य, कायदा, रुग्णालय हे सगळे झाले. पण खरे काम चाले ते स्वयंपाकघरात. यजमानीण कसलेही शास्त्र शिकलेली नसे. पाहुण्याच्या रोगाचे नावही तिला पुष्कळदा ठाऊक नसे. कोण केव्हा चिडतो, कोणाला कोणते काम सोसते, कोणाला एकटे बसू द्यावे, हे ती आपल्या आईपासून शिकलेली असे. यजमान वारला की घरदार आणि शेत यांबरोबर पाहुणाही पुढच्या पिढीकडे येई. एलन बॅक्स्टर ही अमेरिकन तरुणी 1970 च्या दशकात गीलला राहून आली होती. तिने सांगितलेली हकीकत मोठी बोलकी आहे. एका घरातील पाहुणा दररोज आपल्या सदऱ्याची बटणे पिळून पिळून तोडी आणि घरची बाई दररोज रात्री ती पुन्हा शिवी. मासे धरण्याच्या गळाच्या दोऱ्याने ती कायमची का पक्की करीत नाही, असे बॅक्स्टरने विचारले. बाईला ती सूचना मुळीच मानवली नाही. बटणे पिळणे ही त्या माणसाची गरज होती, असे तिचे म्हणणे पडले.

त्या पाहुण्याचा रोग बरा झाला की नाही, हे या हकीकतीत येत नाही, आणि गीलच्या इतिहासातही 'बरे होणे' हा शब्द जपूनच वापरावा लागतो. पुष्कळांचा आजार आमरण टिकला. फरक पडला तो जगण्यात. आपल्या वाचून गाय बांधायची राहील, लहान मूल शाळेतून एकटे येईल, ही जाणीव ज्याला आहे तो माणूस भ्रम असतानाही निराधार नसतो. आणि दुसरी बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. ज्या घरात मुले अशा पाहुण्याच्या मांडीवर वाढली, त्या घराला वेडाचे भय राहिले नाही. इतरत्र माणसे वेडाला भिऊन जगतात. हे भय गीलकरांच्या मनावरून उतरले होते, हा त्यांचा स्वतःचाच लाभ नव्हे काय?

भारतातही या विचाराला एक निराळी वाट फुटली. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहण्यास सांगितले. आईने मुलाला भरवावे, भावाने भावाबरोबर फिरावे, आणि हे सारे वैद्यांच्या नजरेखाली व्हावे, अशी ती योजना होती. गीलने परक्याला घरचा केला. अमृतसरने घरच्याला परका होऊ दिले नाही. दुसरे काम पहिल्याहून सोपे होते, असे मात्र कोणी समजू नये.

1902 साली अँटवर्पला मनोरुग्णांच्या कौटुंबिक शुश्रूषेविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा गीलचे नाव सर्वतोमुखी झाले. 1938 च्या सुमारास वीस हजारांच्या आतबाहेर वस्तीच्या या गावात 3,700 हून अधिक पाहुणे होते. त्यानंतर ओहोटी लागली. नवी औषधे आली, शेती घटली, स्त्रिया नोकरीसाठी बाहेर पडल्या, दिवसभर उघडे असणारे घर दुर्मीळ झाले. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ही संख्या अडीचशेंच्या आसपास येऊन ठेपली. 2023 साली युनेस्कोने या प्रथेची नोंद जागतिक अमूर्त वारशाच्या जतनाचा आदर्श म्हणून केली; त्या वर्षीही पाहुण्यासाठी जागा असलेल्या नव्या घरांचा शोध गीलमध्ये चालूच होता.