आजीचा काळा आणि आपली मुले
(बोलक्या प्राण्यांच्या जातककथांविषयी काही विचार)

मूल गोष्ट ऐकू लागते तेव्हा त्याचा पहिला सवंगडी बहुधा एखादा प्राणी किंवा पक्षी असतो. मराठी घरांत हा मान चिमणी-कावळ्याला आहे. त्यांच्यामागून लेकीकडे निघालेली म्हातारी आणि तिला वाटेत अडविणारा वाघ येतो. शाळेत गेल्यावर इसापनीती व पंचतंत्र यांची ओळख होते. हे प्राणी माणसासारखे बोलतात याचे मुलाला नवल वाटत नाही. तो त्यांच्याशी मैत्री करतो, आणि त्या मैत्रीतून जगात बरे काय व वाईट काय याचे पहिले धडे नकळत घेतो. म्हणूनच मुलाला कोणते प्राणी सोबती म्हणून द्यावेत, हा प्रश्न वरवर वाटतो तितका किरकोळ नाही.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील विहारांतून मुलांसाठी धम्मवर्ग चालतात. त्रिसरण-पंचशील झाले, बाबासाहेबांचे चरित्र सांगून झाले, की मुले गोष्ट मागतात. बौद्ध साहित्यात बोलक्या प्राण्यांच्या गोष्टींचे फार मोठे भांडार आहे, ते म्हणजे जातक. परंतु ते मुलांसमोर उघडताना आंबेडकरी बौद्ध कार्यकर्त्याचा हात अडखळतो. त्याच्या मनातील शंका रास्त आहे. प्रस्तुत लेखात त्या शंकेचा इतिहासाच्या आधारे विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

शंकेचे स्वरूप

पालि जातकट्ठकथेत ५४७ जातके आहेत. प्रत्येक जातकाची रचना ठरलेली असते. प्रथम तथागतांनी ही कथा कोणत्या प्रसंगी सांगितली ते येते, यास पच्चुप्पन्नवत्थु म्हणतात. त्यानंतर प्राचीन काळची मूळ कथा, म्हणजे अतीतवत्थु, मग गाथा, गाथेतील शब्दांचा अर्थ, आणि शेवटी समोधान. या समोधानात त्या काळचा अमुक प्राणी म्हणजे आजचा अमुक भिक्खू, आणि बोधिसत्त्व प्राणी म्हणजे मीच, अशी जोडणी केलेली असते.

शंकेचे मूळ या शेवटच्या भागात आहे. बैलाची गोष्ट सांगून झाल्यावर तो बैल म्हणजे मागच्या जन्मीचे बुद्ध होत, असे सांगितले की चुणचुणीत मूल लगेच विचारील, मग मागच्या जन्मी मी कोण होतो? प्रश्न निरागस आहे. पण या देशात त्याचे उत्तर फार दिवसांपासून तयार करून ठेवलेले आहे. त्या मुलाच्या पणज्याला गावकुसाबाहेर का राहावे लागले, याचे कारण त्याच्या मागच्या जन्माच्या पापात शोधले गेले. अन्याय करणारा सुटला आणि अन्याय सोसणारा गुन्हेगार ठरला. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आत्मा, कर्म आणि पुनर्जन्म यांचा प्रश्न मूलभूत प्रश्नांमध्ये गणला, आणि ग्रंथात आत्म्याच्या देहांतराची व पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना बुद्धाच्या शिकवणीशी विसंगत ठरविली. हे विचारधन ज्याच्या घरी आहे त्याने समोधानाचे वाक्य मुलाच्या कानी घालताना थांबावे, हे योग्यच आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. आपल्या समाजाच्या इतिहासात जनावराचे स्थान साधे नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता. माणसांना होता, आणि त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तळ्यावर जावे लागले. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवनात गांधींना भेटले असता, जेथे आम्हांस कुत्र्या-मांजरांहूनही हीन वागविले जाते तो देश आपला कसा म्हणावा, असा सवाल त्यांनी केला होता. ज्यांना जनावरापेक्षा खाली लेखले गेले त्यांच्या मुलाला प्राण्याची गोष्ट सांगताना ती कोणती सांगतो याचे भान सुटता कामा नये.

मराठीत या कथा कशा आल्या

मराठी मुलांच्या वाचनात परदेशी प्राणी आधी आले व आपले प्राणी मागून आले, ही वस्तुस्थिती आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीती १८२८ साली छापली गेली. जातकांची पालि संहिता डेन्मार्कचे पंडित फाउसबोल यांनी संपादून प्रसिद्ध केली ती १८७७ ते १८९६ या काळात, आणि कॉवेल यांच्या देखरेखीखाली इंग्रजी भाषांतराचे खंड १८९५ ते १९०७ मध्ये निघाले. मराठीत धर्मानंद कोसंबी यांनी 'जातककथासंग्रह' दिला, आणि पुढे दुर्गा भागवत यांनी 'सिद्धार्थ जातक' या नावाने सात खंडांत जातके मराठीत आणली. ही मोलाची कामे होत. परंतु क्रमिक पुस्तकांतून इसाप व विष्णुशर्मा घरोघर पोहोचले तसे जातक पोहोचले नाही.

वास्तविक या कथा फार जुन्या. भारहुत येथील स्तूपाचे अवशेष १८७३ साली कनिंगहॅम यांस सापडले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराच्या त्या कठड्यावर प्राण्यांच्या कथा कोरलेल्या आहेत, व कित्येकांखाली जातकाचे नावही कोरले आहे. पंचतंत्राचे आज उपलब्ध असलेले रूप त्याच्या पुष्कळ नंतरचे मानले जाते. माकड व मगर, सिंहाचे कातडे पांघरलेले गाढव, बडबडे कासव या कथा दोहोंकडे आहेत. फरक आहे तो हेतूचा. पंचतंत्राची योजना तीन मंदबुद्धी राजपुत्रांना राजनीतीत तरबेज करण्यासाठी झाली, असे तो ग्रंथच सांगतो. जातक सांगितले गेले ते संघाला आणि उपासकांना. आणि उपासकांत राजे होते तसे कारागीरही होते.

ते कारागीर कोठले होते, हे पाहावयास दूर जाण्याचे कारण नाही. कल्याण हे त्या काळचे मोठे बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे. येथून नाणेघाट चढून माल जुन्नरकडे जाई. त्या दगडी चढावर गाडी चालत नाही, ओझे पाठीवरच न्यावे लागते. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. त्यांत व्यापारी आहेत, पाण्याचे टाके देणारा सोनार आहे, वाट करून देणारा लोहारही आहे. कान्हेरीचे त्या लेखांतील नाव 'कण्हसेल', म्हणजे काळा डोंगर. आज पालघर जिल्ह्यात असलेल्या, पण २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात मोडणाऱ्या सोपाऱ्याचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उकलला. ओझे, बैल, वाट आणि मजुरी हा या प्रदेशाचा जुना व्यवहार आहे. पुढील कथा याच व्यवहाराच्या भाषेत बोलतात.

तीन कथा

पहिली कथा तित्तिराची. एका वडाखाली तित्तिर, माकड व हत्ती राहत. आपल्यांत वडील कोण हे ठरल्याखेरीज परस्परांशी आदराने वागता येणार नाही, असे त्यांस वाटले. हत्ती म्हणाला, मी लहान असताना हा वड माझ्या पोटाला लागेल एवढा होता. माकड म्हणाले, मी जमिनीवर बसून याचा शेंडा खाल्ला आहे. तित्तिर म्हणाला, मी दुसऱ्या एका वडाचे फळ खाऊन येथे विष्ठा टाकली, तिच्यातून हे झाड उगवले. तेव्हापासून सर्वांत लहान देहाचा तित्तिर सर्वांत वडील ठरला. ही कथा विनयपिटकाच्या चुल्लवग्गातही आहे, आणि तेथील प्रसंग विशेष महत्त्वाचा आहे. संघात उत्तम आसनाचा मान कोणाचा, असे तथागतांनी विचारले असता काहींनी क्षत्रिय कुळातून आलेल्याचा, काहींनी ब्राह्मण कुळातून आलेल्याचा, असे उत्तर दिले. त्यावर ही कथा सांगून जन्माचा मान बाजूस सारला गेला व दीक्षेच्या ज्येष्ठतेचा नियम झाला. चुल्लवग्गात तित्तिर म्हणजे कोण, हत्ती म्हणजे कोण, ही जोडणीच नाही. ती जातकट्ठकथेत आहे.

दुसरी कथा नंदिविसालाची. तक्षशिलेच्या एका ब्राह्मणाने एक वासरू पेज-भात घालून मुलासारखे वाढविले. मोठेपणी त्या बैलाने आपण होऊन म्हटले, मी भरलेल्या शंभर गाड्या ओढीन, तू हजारांची पैज लाव. पैज लागली, परंतु ऐन वेळी ब्राह्मणाने त्याला लबाड म्हणून हाक मारली. बैलाने पाय रोवले ते हलविले नाहीत. हरलेला ब्राह्मण घरी येऊन पडला तेव्हा बैलाने त्याला विचारले, मी तुझ्या घरात कधी भांडे फोडले काय? कोणास तुडविले काय? मग मला लबाड का म्हणालास? दोष तुझा आहे. दुसऱ्या वेळी गोड शब्द मिळाला, आणि शंभर गाड्या हलल्या. ही कथाही विनयात आहे, व ती दुसऱ्या पाचित्तिय नियमाच्या प्रसंगी येते. हा नियम अपमानकारक बोलण्याविरुद्ध आहे, आणि अपमानाच्या प्रकारांत पहिला प्रकार जातीवरून हिणविण्याचा दिला आहे. चांडाळ, वेण, निषाद, रथकार, पुक्कुस ही त्या काळी हीन मानलेली नावे तेथे नोंदली असून, त्यांवरून भिक्खूला हिणविणारा दोषी ठरविला आहे. वर्गात जातीवरून टोमणा ऐकलेल्या मुलाला नंदिविसालाचे दोष तुझा आहे हे उत्तर समजावून सांगावे लागणार नाही.

तिसरी कथा आम्हांस सर्वांत जवळची वाटते. ती कण्ह जातकातली. राहण्याच्या भाड्यापोटी एका गरीब म्हातारीला काळे वासरू मिळाले. तिने ते पोटच्या पोरासारखे वाढविले, आणि लोक त्याला आजीचा काळा म्हणू लागले. गावची मुले त्याच्या शिंगांना, कानांना लोंबकळत, शेपटी धरून खेळत, पाठीवर बसत. एके दिवशी आईचे दारिद्र्य पाहून त्याने काम करण्याचे ठरविले. पाचशे गाड्यांचा एक तांडा नदीच्या उतारावर अडकला होता. सगळे बैल एकत्र जुंपूनही एक गाडी निघेना. व्यापाऱ्याने काळ्याला वेसण घातली, पण मोल ठरेपर्यंत तो जागचा हलला नाही. गाडीमागे दोन नाणी ठरली, आणि त्याने पाचशेही गाड्या पार केल्या. व्यापाऱ्याने मात्र गाडीमागे एकच नाणे धरून पाचशे नाण्यांची पुरचुंडी त्याच्या गळ्यात बांधली. तेव्हा काळा पहिल्या गाडीपुढे आडवा उभा राहिला. हजार पुरे होईपर्यंत तांडा जागेवरून हलू शकला नाही.

थकून, डोळे लाल झालेला काळा घरी आला. म्हातारीने पैसे कोठले म्हणून विचारले, तर सारी हकिगत तिला सांगितली गुराखी मुलांनी. येथे बैलाच्या मनातले आपल्याला कळते, पण त्याच्या वतीने बोलतात ती मुले. मुक्या श्रमिकाची साक्ष त्याच्या लहान मित्रांनी द्यावी, याहून सुंदर मैत्री बालसाहित्यात क्वचित आढळेल. आणि म्हातारी काय म्हणते? तुझ्या कमाईवर जगण्याची मला इच्छा का असावी, असे म्हणून ती त्याला ऊन पाण्याने न्हाऊ घालते व तेल चोळते. सकाळी नाक्यावर कामाची वाट पाहत उभे राहणाऱ्या, आणि संध्याकाळी ठरल्यापेक्षा कमी पैसे हातावर पडलेल्या बापाच्या मुलाला ही कथा परकी वाटणार नाही.

कसोटी

येथे एक आक्षेप येऊ शकतो. जुने ते बुद्धाचे आणि मागून आलेले ते टाकाऊ, अशी सोपी कसोटी लावून समोधान वगळावे काय? जातकांत गाथा हा जुना थर व गद्य मागाहूनचे, असे अभ्यासक मानतात. परंतु ही कसोटी कण्ह जातकाला लावली तर हाती काय उरते? त्याच्या गाथेत फक्त, जेथे ओझे जड आणि वाट बिकट तेथे काळ्याला जुंपावे, तो ओढील, एवढाच आशय आहे. मजुरीचा करार, फसवणूक व आडवे उभे राहणे हे सारे गद्यातले आहे. केवळ प्राचीनतेवर गेलो तर आपल्या हाती निमूट ओझे ओढणारा बैल राहील आणि हक्क मागणारा बैल निसटेल.

म्हणून प्राचीनतेहून निराळी कसोटी हवी, आणि ती बाबासाहेबांनी घालून दिलेली आहे. जे बुद्धिसंगत आहे आणि ज्यात माणसाचे हित आहे तेच बुद्धवचन म्हणून स्वीकारता येते, असे त्यांनी आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. या कसोटीवर मजुरी मागणारा काळा टिकतो, त्याच्या शेवटी जोडलेला पूर्वजन्म टिकत नाही. याच कसोटीवर काही जातके समूळ बाजूला ठेवावी लागतील. स्त्रियांविषयी अनुदार असलेल्या कथा जातकांत आहेत, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. निवड करणे म्हणजे परंपरेचा अवमान नव्हे. भारहुतच्या शिल्पकारांनीही दगडावर निवडकच कथा कोरल्या.

काय करावे

आमची सूचना अशी आहे. धम्मवर्गात अतीतवत्थु पूर्ण सांगावे. प्राण्यांना मोकळेपणी बोलू द्यावे. बैल कधी बोलतो काय, असे एखादे मूल विचारील. त्यास गोष्टीत बोलतो, असे सरळ उत्तर द्यावे, त्याने विज्ञाननिष्ठेला बाध येत नाही. समोधान सांगू नये. त्याऐवजी तित्तिर व नंदिविसाल यांच्या बाबतीत विनयातील प्रसंग सांगावा, म्हणजे या गोष्टी जन्माच्या अहंकाराविरुद्ध वापरल्या गेल्या हे मुलास कळेल. मागल्या जन्मी मी कोण होतो, असे त्याने तरीही विचारलेच, तर तो प्रश्न टाळू नये. तुझ्या आजोबांना याच प्रश्नाचे खोटे उत्तर देऊन वाकविले गेले होते, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी ते उत्तर नाकारले, असे सांगावे.

वर्ग शक्य तेव्हा कान्हेरीला न्यावा. कल्याणच्या सोनाराने दिलेल्या टाक्याची आणि लोहाराने दिलेल्या वाटेची माहिती तेथेच द्यावी, आणि त्या काळ्या डोंगरावर बसवून आजीच्या काळ्याची गोष्ट सांगावी. गोष्ट संपल्यावर तात्पर्य सांगण्याची घाई करू नये. व्यापाऱ्याने पाचशेच नाणी बांधली तेव्हा काळ्याने काय करावयास हवे होते, एवढेच मुलांना विचारावे. उत्तर ती देतील.