नंदिवर्धन : वाकाटक राजधानीचे दर्शन

नंदिवर्धन : वाकाटक घराण्याच्या मुख्य शाखेची राजधानी. नागपूर जिल्ह्याच्या रामटेक तालुक्यातील नगरधन हे गाव म्हणजेच जुने नंदिवर्धन, असे अभ्यासक मानतात. गोंदियाहून तिरोडा, तुमसर आणि रामटेक या रस्त्याने शंभरेक किलोमीटर पडते. रामटेकचा लोहमार्ग नागपूरकडून येतो आणि तिथेच संपतो, त्यामुळे गोंदियाच्या माणसाला सडकच सोयीची. वाटेत धानाची बांधी, बोड्या, तलाव हे सारे ओळखीचेच असते. वाकाटकांच्या काळी हा मुलूख नंदिवर्धन आणि पूर्वेकडील कोसल यांच्या मधला होता. वाकाटक राजा प्रवरसेन दुसरा याचा एक ताम्रपट गोंदिया जिल्ह्याला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात तिरोडी येथे मिळाला. बालाघाट ताम्रपटात त्याचा मुलगा नरेंद्रसेन याची आज्ञा कोसल, मेकल आणि मालवाचे राजे शिरोधार्य मानत, असे नोंदले आहे. तेव्हा गोंदियाकराने नंदिवर्धन पाहणे म्हणजे आपल्याच मुलखाची जुनी राजधानी पाहणे होय.

इतिहास थोडक्यात असा. वाकाटक सत्ता इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात विंध्यशक्तीने उभी केली. पुढे घराण्याच्या दोन मुख्य शाखा झाल्या, एक नंदिवर्धनची आणि दुसरी वत्सगुल्माची, म्हणजे आजच्या वाशीमची. नंदिवर्धनच्या रुद्रसेन दुसरा याला गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसरा याने आपली मुलगी प्रभावतीगुप्ता दिली. रुद्रसेन लवकर गेला, मुले लहान होती, आणि राज्याचा कारभार प्रभावतीने हाती घेतला. तिचा पुणे येथे मिळालेला ताम्रपट नंदिवर्धनहून दिलेला आहे. त्यात वंशावळ सुरू होते ती सासरची नव्हे, माहेरची. पुढे तिचा मुलगा प्रवरसेन दुसरा याने राजधानी प्रवरपूरला हलवली. ‘सेतुबंध’ हे प्राकृत महाकाव्य याच राजाच्या नावावर आहे. नंदिवर्धन मात्र ओस पडले नाही. नलवंशी भवदत्तवर्म्याने ते काही काळ जिंकले होते, आणि स्वामिराज या राजाचा इ. स. ५७३ चा ताम्रपटही नंदिवर्धनहूनच दिलेला आहे.

नगरधनला जाणारा बहुतेक माणूस किल्ला पाहतो आणि परततो. चौकोनी आखणीचा, बुरुजांचा हा भुईकोट देखणा आहे. आत पायऱ्या उतरून गेले की जमिनीखालच्या देवघरात कोटाई देवी आहे, आणि तिथला गारवा उन्हाळ्यात फार बरा वाटतो. पण हा कोट नागपूरकर भोसल्यांच्या काळचा. वाकाटकांचे नगर आहे ते गावाखालच्या पांढरीत. डेक्कन कॉलेज आणि राज्याचे पुरातत्त्व खाते यांनी २०१५ ते २०१८ या काळात येथे उत्खनन केले. त्यात एका मोठ्या भिंतीच्या माथ्यावर मातीची छोटी लंबगोल मुद्रा सापडली. तिच्यावर ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्तेचे नाव असून शंखाचे चिन्ह आहे. अशा मुद्रा पत्रांना वा मालाला बांधलेल्या दोरीवर ओल्या मातीत उमटवीत. म्हणजे या गावात राणीच्या नावाने कारभार चालत होता, याचा हा अगदी हाताशी आलेला पुरावा. तो माहीत असला की नगरधनच्या साध्या गल्ल्यांतून चालतानाही पाय जपून पडतो.

नंतरची तटबंदी जुन्या राजधानीची समजली जाणे हे काही नगरधनपुरतेच नाही. चीनच्या शीआन शहरात, म्हणजे प्राचीन छांगआनमध्ये, प्रवासी ज्या तटावर चढतात तो चौदाव्या शतकातील मिंग काळचा आहे. थांग सम्राटांचा दामिंग राजवाडा तिथेही चोपलेल्या मातीच्या चौथऱ्यांवरूनच ओळखावा लागतो. याच छांगआनहून इ. स. ३९९ मध्ये चिनी बौद्ध यात्रेकरू फाहियान भारताकडे निघाला. तो उत्तरेत हिंडत होता तो काळ प्रभावतीच्याच पिढीचा. दक्षिणेबद्दल त्याने ऐकीव माहिती लिहून ठेवली आहे, पण वाटा बिकट म्हणून तो इकडे उतरला नाही. नंदिवर्धनचे त्याच्या डोळ्यांनी पाहिलेले वर्णन आपल्याला मिळाले असते तर किती प्रश्न सुटले असते! सुमारे सव्वादोनशे वर्षांनी दुसरा चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग कोसलात आणि महाराष्ट्रातही आला, पण तोवर वाकाटकांचे राज्य राहिले नव्हते. इ. स. ६४५ मध्ये तो छांगआनला परतला, आणि त्याने आणलेल्या ग्रंथांसाठी इ. स. ६५२ मध्ये बांधलेला मोठा हंस पॅगोडा, पुढे पुन्हा बांधला गेला तरी, आजही उभा आहे. आपल्याकडे राजधानीची वास्तू म्हणून इतके उंच काही उरलेले नाही. म्हणूनच नंदिवर्धन एका ठिकाणी पाहता येत नाही. नगरधन, मनसर आणि रामटेक ही तिन्ही मिळून ते पाहावे.

मनसर रामटेकच्या पश्चिमेस, नागपूर–जबलपूर महामार्गावर आहे. मँगनीजच्या खाणींमुळे नाव सर्वांना ठाऊक, पण तलावाकाठच्या हिडिंबा टेकडीकडे फार थोडे वळतात. येथे १९९८ च्या सुमारास जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांच्या देखरेखीखाली मोठे उत्खनन सुरू झाले. टेकडीवर विटांच्या मंदिराचे थरावर थर चढत गेलेले बांधकाम निघाले, आणि जवळच राजवाडा मानली गेलेली वास्तू. प्रवरेश्वराचे नाव असलेल्या मुद्रा मिळाल्याने प्रवरपूर ते हेच, असे मत पुढे आले. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी मात्र प्रवरपूर म्हणजे वर्धा जिल्ह्यातील पवनार, असे मांडले होते. उत्खननानंतर मनसरची बाजू अधिक भक्कम झाली आहे, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे. पायऱ्या चढताना उघड्या विटांवर पाय देऊ नये. दीड हजार वर्षे टिकलेली वीट बुटाने ढासळते.

रामटेक हा या दर्शनाचा सर्वांत भरीव भाग. प्रभावतीचा रिद्धपूर ताम्रपट रामगिरिस्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे, आणि ‘मेघदूता’तील रामगिरी तो हाच, असे मिराशींचे प्रतिपादन. गडमंदिरात यादव काळची राम-लक्ष्मणांची देवळे आहेत, लक्ष्मण मंदिरात रामचंद्रदेव यादवाच्या वेळचा शिलालेख आहे, आणि गर्दी तिथेच असते. वाकाटकांची देवळे पाहायची तर गडाच्या अलीकडे थांबावे. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन छोटी, जाड भिंतींची, सपाट छपरांची देवळे आहेत. आत तांबड्या वालुकाश्माचा प्रचंड नरसिंह गाभारा भरून बसलेला. हिरण्यकशिपू नाही, फाडलेले पोट नाही. एक गुडघा उभा करून, हातात चक्र घेऊन तो निवांत बसला आहे, आणि चेहऱ्यावरचा उग्रपणा दगडाच्या आतच आवरून धरलेला. केवल नरसिंहाच्या भिंतीवरचा गिलावा निघाला तेव्हा खाली शिलालेख दिसला. तो बराच खंडित आहे, पण प्रभावतीचे नाव त्यात वाचता येते. अ. प्र. जामखेडकरांनी तो प्रसिद्ध केला. पुढे वराहाची मूर्ती आणि भग्न त्रिविक्रम आहे. वराहाच्या पोटाखालून सरपटत जाणारा निष्पाप, अशी लोकांची श्रद्धा, त्यामुळे तिथला दगड अंगांनी घासून गुळगुळीत झाला आहे. गडाखाली अंबाळा तलाव आहे. त्याचा घाट आणि काठची देवळे मात्र वाकाटकांच्या पुष्कळ नंतरची.

सकाळी नगरधन, उन्हे चढण्याआधी मनसर आणि दुपार कलल्यावर रामटेक, असा क्रम ठेवल्यास एका दिवसात उरकते. धान कापून झाल्यावरचे, मार्गशीर्ष ते माघ हे महिने उत्तम. त्रिपुरी पौर्णिमेची यात्रा पाहण्यासारखी असली, तरी त्या दिवशी नरसिंहापाशी उभे राहून काही निरखता येत नाही. मनसरला १९७२ मध्ये सापडलेली शिवाची अप्रतिम मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, येथे ती शोधू नये. विदर्भातील जुन्या शिल्पांची ओळख करून घ्यायची तर परतताना नागपूरचे १८६३ मध्ये सुरू झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे अजब बंगला, पाहावे.