डे लिली: एका दिवसाचं फूल यवतमाळच्या बागेत कसं जपायचं?

सकाळी उमललेलं फूल रात्रीपर्यंत कोमेजतं, म्हणून नाव डे लिली. पण एकाच दांड्यावर अनेक कळ्या असतात. त्या एकामागून एक उमलतात आणि बहर काही आठवडे टिकतो.

ही खरी लिली आहे का?
नाही. शास्त्रीय नाव हेमेरोकॅलिस, मूळ पूर्व आशियात. हिला कांदा नसतो, जाड मुळं असतात. संकरातून तयार झालेल्या 80 हजारांहून अधिक वाणांची जगभरात नोंद आहे. म्हणूनच वाण जमवण्याचा छंद लागतो.

यवतमाळमध्ये अडचण काय?
उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. पावसाळ्यात काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळं सडतात. त्यामुळे कुंडी किंवा उंच वाफा बरा. मातीत वाळू आणि शेणखत मिसळा. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा निवडा.

वाण कसा टिकवायचा?
संकरित वाणाच्या बियांपासून आलेलं रोप मूळ झाडासारखं निघत नाही. तोच रंग हवा असेल तर झाडाचे फुटवे मुळांसकट वेगळे करून लावा. प्रत्येक कुंडीवर वाणाचं नाव लिहा.

हे विसरू नका
चीनमध्ये डे लिलीच्या कळ्या खातात. पण व्हिडिओ पाहून कोणतीही ‘लिली’ तोंडात घालू नका. विदर्भाच्या जंगलात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीलाही ग्लोरी लिली म्हणतात. तिच्यातलं कोल्चिसिन हे विष जीव घेऊ शकतं. घरात मांजर असेल तर डे लिलीही दूरच ठेवा. तिच्यामुळे मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.